चेरीशिवाय चेरी: घरच्या टेबलावर चेरीचा अकॉर्ड बांधताना

पहिल्यांदा चेरीचा वास जमवायला बसले, तेव्हा तीन रविवार खर्ची पडले होते. चौथ्या रविवारी कागदाची पट्टी बाटलीत बुडवून टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काय गं, खोकल्याचं औषध सांडलंस का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. चेरीच्या नावाने जे काही बनवायला जावं ते आधी खोकल्याचं औषध होतं, मग बदामाचं दूध होतं, मग मुलांच्या टूथपेस्टवर थांबतं. फळापर्यंत पोचायला बरीच वळणं आहेत. ती वळणं मी चुकत चुकत शिकले, ती इथे क्रमाने लिहिते. हे वाचून एखादी विकत घेतलेली 'चेरी' नीट हुंगता आली तरी चालेल. पण टेबलावर बसून बनवायची असेल तर फॉर्म्युला, वजनं, सामान, सगळं दिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. चेरी म्हणून आपण जो वास ओळखतो तो मुख्यतः गराचा नाही, बीचा आहे. आणि तो बीचा वास जितका हात आखडून घालाल, तितकं फळ जास्त दिसतं.

आधी नाकाला चेरी दाखवा

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत काश्मीर आणि हिमाचलची चेरी मुंबईत येते. क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा फुले मंडईत, छोट्या खोक्यांतून मिळते. एक खोका घ्या. खायच्या आधी नुसतं हुंगा. काय येतं? जवळजवळ काहीच नाही. थोडा ओलसर, हिरवट, पाण्याचा वास. आंबा किंवा फणस जसा दारातून आत आल्याची वर्दी देतो, तसं चेरीचं नाही.

आता चार-पाच चेरी खा आणि बिया धुऊन घ्या. खलबत्त्यात ठेचा, आतला पांढरा मगज फुटला पाहिजे. त्यावर थोडंसं पाणी शिंपडा, वाटी पालथी घालून पाच-दहा मिनिटं थांबा आणि वाटी उचलून हुंगा. कडू बदाम! आणि तोच क्षण असा येतो की डोक्यात 'चेरी' असा शब्द उमटतो.

होतं ते असं: बीच्या मगजात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. मगज फुटला आणि ओल मिळाली की बीतलेच एन्झाइम त्याचे तुकडे करतात. त्यातून साखर सुटते, बेंझाल्डिहाइड सुटतं आणि हायड्रोजन सायनाइडही सुटतो. बेंझाल्डिहाइड म्हणजेच तो कडू बदामाचा वास. सायनाइड म्हणजे काय ते सांगायला नको, म्हणून या प्रयोगातला मगज चाखू नका, वाटीत नाक खुपसून बसू नका, आणि झाल्यावर सगळं गुंडाळून कचऱ्यात टाका. घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग ते झोपल्यावर करा. जर्दाळूच्या बीमध्येही हीच गोष्ट आहे, तीच खबरदारी.

चेरीचा हंगाम नसेल तर? मग बेकरीत जा. पण तिथली गंमत अशी की केकवरची ती लालभडक, गोड, रबरासारखी 'चेरी' बऱ्याचदा आपलं करवंद असतं. कच्ची करवंदं बी काढून, पाकात मुरवून, रंग देऊन चेरी म्हणून बसवतात. म्हणजे मुंबईतल्या किती तरी पोरांची पहिली चेरी ही कोकणातल्या जाळीतली होती. तिला जो वास असतो तो इसेन्सचा, आणि त्या इसेन्सचा कणा पुन्हा बेंझाल्डिहाइडच. वाण्याकडे मिळणारा बदाम इसेन्स हुंगून बघा, तोही याच घरातला. तुमच्या नाकाला 'चेरी' कुणी शिकवली हे कळलं की काम सोपं होतं, कारण तुम्ही झाडावरच्या फळाची नक्कल करत नाही. तुम्ही लोकांच्या आठवणीतल्या चेरीला हाक मारता आहात.

एक गोंधळ इथेच मिटवते. परफ्युमच्या खोक्यावर 'चेरी ब्लॉसम' लिहिलेलं असतं ते वेगळं प्रकरण आहे. तो जपानी साकुराच्या नाजूक फुलांचा कल्पित वास, हलका, पावडरी, जवळजवळ साबणासारखा. फळाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे तर ते नाव घेतलं की बुटाचं पॉलिशच आठवतं, ते सोडून देऊ.

चेरीचं तेल का मिळत नाही

गुलाब उकळला की अत्तर निघतं, वाळा उकळला की खस निघतो. चेरी उकळली की मुरंबा होतो. गरात सुगंधी द्रव्यं इतकी थोडी असतात आणि पाणी-साखर इतकी जास्त, की त्यातून वापरण्याजोगं तेल निघत नाही. कुणी 'शुद्ध चेरी इसेन्शियल ऑइल' म्हणून बाटली पुढे केली तर हसून पुढे निघा. चेरी ही कायम जुळवलेली असते. चार-पाचपासून पंधरा-वीस द्रव्यं एकत्र आणून एकच वास उभा करायचा, यालाच परफ्युमरीत अकॉर्ड म्हणतात. चिवड्यात पोहे, दाणे, डाळं वेगवेगळं चाखता येतं. अकॉर्ड मात्र गोडा मसाल्यासारखा हवा. दगडफूल वेगळं ओळखू आलं की मसाला बिघडला.

बाजारातल्या मोठ्या चेरी याच रीतीने बनल्या आहेत. टॉम फोर्डचं 'लॉस्ट चेरी' २०१८ मध्ये आलं आणि चेरीची लाट उसळली. त्यात कडू बदाम, चेरीची दारू, टोंका नावाची गोड वासाची बी असा गडद मामला आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९९८ मध्ये, डिओरच्या 'हिप्नॉटिक पॉयझन'ने कडू बदाम आणि व्हॅनिलाची जोडी लोकांच्या नाकात बसवली होती. त्याहून मागे जायचं तर गेर्लांचं १९१२ सालचं 'ल'अर ब्ल्यू' आहे. त्यातल्या हेलिओट्रोप या फुलाच्या पावडरी गोडव्यात, शोधलं तर, चेरीची सावली सापडते. मूळ माल तोच, मांडणी वेगळी.

टेबलावर काय काय हवं

सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. थेंब मोजून काम करू नका. थेंबाचा आकार ड्रॉपरगणिक बदलतो आणि पुढच्या वेळी तोच वास येत नाही. काचेचे किंवा टाकून द्यायचे प्लास्टिकचे ड्रॉपर, १० मिलीच्या तपकिरी बाटल्या, हातमोजे, चिकटपट्टी, पेन. वास घ्यायला ब्लॉटर मिळतात, पण जाड, बिनवासाच्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापल्या तरी भागतं. काचसामानासाठी मी प्रिन्सेस स्ट्रीटला जाते, म्हणजे शामलदास गांधी मार्गावर.

सगळं विरघळवायला डायप्रोपिलिन ग्लायकॉल लागतं, दुकानात 'डीपीजी' म्हटलं की पुरतं. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. इथेनॉलच्या फंदात मी पडले नाही. परफ्युमसाठी लागणारं शुद्ध इथेनॉल राज्य उत्पादन शुल्काच्या नियमांखाली येतं, आणि घरगुती छंदासाठी ती कटकट नको. शिवाय महंमद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांचा सगळा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या बिनअल्कोहोलच चालला आहे.

त्या अत्तरवाल्यांबद्दल. तिथे 'चेरी' मागितली तर तयार कंपाउंड मिळतं, तोळ्यावर. नवशिक्याने ते एकदा जरूर घ्यावं, कमीत कमी जितकं देतील तितकं. घरी आणून पट्टीवर घ्या आणि दर अर्ध्या तासाने हुंगा. मी घेतलेलं पहिल्या दहा मिनिटांत झगझगीत लाल गोळी होतं आणि दोन तासांनी निव्वळ व्हॅनिला. त्यातून कळलं की चेरी टिकवणं हा चेरी बनवण्याइतकाच मोठा प्रश्न आहे.

सुटी सुगंधी रसायनं छोट्या मापात देणारे विक्रेते आता ऑनलाइन भरपूर आहेत. दर बाटलीबरोबर सुरक्षिततेची माहिती आणि इफ्राची मर्यादा देणारा विक्रेताच घ्या. इफ्रा ही १९७३ मध्ये स्थापन झालेली सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. कुठलं द्रव्य त्वचेवर किती चालेल हे ती ठरवते, आणि बेंझाल्डिहाइडवर, तसंच पुढे भेटणाऱ्या डॅमास्कोनवर तिची मर्यादा आहे. ज्यांना हे मन लावून शिकायचंय त्यांनी माटुंग्याच्या आयसीटीतले (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीतले, परफ्युमरीचे अभ्यासक्रम बघावेत. मुंबईला या धंद्याची परंपरा आहेच. एस. एच. केळकर ही कंपनी १९२२ पासून इथे सुगंधाच्या व्यवसायात आहे.

द्रव्यांची ओळख

बेंझाल्डिहाइड: नायक, पण कमी बोलणारा हवा. तीक्ष्ण, कडू बदाम, पट्टीवरून तासाभरात उडून जातो.

हेलिओट्रोपिन, उर्फ पिपेरोनल: पांढरे खडे. बदाम, व्हॅनिला आणि टाल्कम पावडर यांच्या मधे कुठेतरी. चेरीचा मऊ भाग हा देतो आणि बेंझाल्डिहाइड उडून गेल्यावर तासन्‌तास मागे राहतो. हा ३७ अंशांना वितळतो, म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात कपाटात ठेवला तर खडे एकमेकांना चिकटलेले सापडतात. एक सावधगिरी: अमली पदार्थ बनवायला वापरल्या जाणाऱ्या कच्च्या मालाच्या, संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारातल्या यादीत तो आहे. त्यामुळे सुटा मिळायला अडचण येते, विक्रेता प्रश्न विचारतो. मिळाला नाही तर हट्ट धरू नका, पर्याय खाली दिला आहे.

ॲनिसाल्डिहाइड हा बडीशेपेच्या जवळचा, फुलांकडे झुकणारा. व्हॅनिलिन सर्वांना माहीत. कूमारिन म्हणजे वाळलेल्या गवताचा, टोंका बीचा गोड कोरडेपणा. विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं.

आयोनोन मला या यादीत सगळ्यात लाडका. व्हायोलेट फुलाचा वास, लाल फळांच्या सालीवर जी जांभळट पावडर असते तिचा वास. १८९३ मध्ये टीमान आणि क्रूगर या रसायनशास्त्रज्ञांनी तो सिट्राल या लिंबासारख्या वासाच्या द्रव्यापासून बनवला, आणि सिट्रालचा एक मोठा साठा म्हणजे आपल्या गवती चहाच्या वर्गातल्या गवताचं तेल. पावसाळ्यात चहात टाकतो त्या पातीपासून जांभळ्या फुलाचा वास निघतो हे कळलं तेव्हा मी आईला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "चहा होऊ दे आधी." आयोनोनची एक खोड आहे: नाक त्याला चटकन थकतं. आता येतो, आता गायब, पुन्हा येतो. घाबरून आणखी ओतू नका.

रास्पबेरी कीटोन जॅमसारखा, सुरुवातीला मुका, नंतर चिवट. बीटा-डॅमास्कोन मनुका, वाइन आणि गुलाबाच्या पाकळीचा, आणि जबरदस्त ताकदीचा. गॅमा-अनडेकालॅक्टोन पीचच्या सालीचा. दुकानदार याला 'आल्डिहाइड सी-१४' म्हणतात, पण हे ना आल्डिहाइड आहे, ना त्यात चौदा कार्बन आहेत. नाव चिकटलं ते चिकटलं.

उरलेले चटकन: बेंझिल ॲसिटेट फळकट-चमेली, फेनिलइथाइल अल्कोहोल म्हणजे गुलाबपाणी, इथाइल माल्टोल म्हणजे बुढ्ढी के बाल, सिस-३-हेक्सेनॉल म्हणजे नुकतंच कापलेलं गवत. शेवटी स्टायरालिल ॲसिटेट, हिरवट आणि आंबट. याला विसरू नका. आंबटपणा नसेल तर चेरी होत नाही, चॉकलेटच्या कागदातली गोळी होते.

पातळ करून घ्या

शुद्ध द्रव्य हुंगून काहीच कळत नाही, नाक बधिर होतं. म्हणून आधी सगळ्यांचं १० टक्क्यांचं द्रावण करा: १ ग्रॅम द्रव्य, ९ ग्रॅम डीपीजी. डॅमास्कोन, इथाइल माल्टोल, हेक्सेनॉल आणि स्टायरालिल ॲसिटेट यांचं मात्र १ टक्क्याचं हवं. ते करायला १० टक्क्यांच्या द्रावणातलं १ ग्रॅम घेऊन पुन्हा ९ ग्रॅम डीपीजीत मिसळा. थेट ०.१ ग्रॅम मोजायला गेलात तर साध्या काट्याची चूकच मोठी होऊन बसते.

खडे विरघळायला वेळ लागतो, कूमारिन तर रुसून बसतं. बाटली गरम पाण्याच्या वाटीत ठेवून हलवत राहा. गॅसवर नको. प्रत्येक बाटलीवर नाव, टक्के, तारीख. हे आळसाने टाळलं तर महिन्याभराने सहा पारदर्शक बाटल्या समोर असतील आणि तुम्ही मठ्ठासारखे बघत बसाल. मी बसले होते.

बांधणी

पुढचे आकडे वरच्या द्रावणांचे भाग आहेत, एकूण १००. एक भाग म्हणजे ०.१ ग्रॅम धरलं की १० ग्रॅम अकॉर्ड होतो.

बेंझाल्डिहाइड १०% – ८
हेलिओट्रोपिन १०% – २०
ॲनिसाल्डिहाइड १०% – ३
व्हॅनिलिन १०% – १०
कूमारिन १०% – ६
आयोनोन १०% – ८
रास्पबेरी कीटोन १०% – ६
गॅमा-अनडेकालॅक्टोन १०% – ४
बेंझिल ॲसिटेट १०% – ८
फेनिलइथाइल अल्कोहोल १०% – ८
इथाइल माल्टोल १% – ८
बीटा-डॅमास्कोन १% – ५
सिस-३-हेक्सेनॉल १% – ३
स्टायरालिल ॲसिटेट १% – ३

हेलिओट्रोपिन नसेल तर व्हॅनिलिन १६ करा, ॲनिसाल्डिहाइड ६ करा आणि उरलेले ११ भाग नुसतं डीपीजी. पावडरी मऊपणा कमी येईल, फळ जरा उघडं राहील. मला तेही वाईट वाटत नाही.

सगळं एकदम ओतू नका. ओतलंत तर काय कशामुळे झालं ते कधीच कळणार नाही.

आधी तळ घाला: हेलिओट्रोपिन, व्हॅनिलिन, कूमारिन, ॲनिसाल्डिहाइड. हुंगा. लग्नातल्या बदाम-केशर दुधाच्या आसपास काहीतरी येईल. मग बेंझाल्डिहाइडचे आठांपैकी फक्त चार भाग. आता हे खोकल्याचं औषध आहे, यायलाच हवं, निराश होऊ नका. आईची हाक याच टप्प्यावर आली होती, आणि माझी चूक ही की 'चेरी अजून कमी आहे' असं समजून मी आणखी बेंझाल्डिहाइड घालत गेले.

इथे उलट करायचं. बेंझाल्डिहाइडला हात न लावता त्याच्याभोवती फळ बांधा. आयोनोन घाला, पट्टी घ्या, मग रास्पबेरी कीटोन, मग अनडेकालॅक्टोन. औषधाची बाटली हळूहळू जॅमची बरणी होते. डॅमास्कोनचे पाच भाग पडले की रंग बदलतो. पट्टीवर काही लाल नसतं, पण गुलाबी गोळी होती ती गडद, जवळजवळ काळी चेरी होते. या क्षणासाठी मी हा सगळा खटाटोप करते.

मग गुलाब आणि बेंझिल ॲसिटेट, म्हणजे फळाला थोडी हवा मिळते. शेवटी हेक्सेनॉल आणि स्टायरालिल ॲसिटेट. हे दोन्ही एक-एक भाग करत घाला. देठ तुटल्यासारखा हिरवा झटका येईल आणि तोंडात पाणी सुटेल. आता उरलेलं बेंझाल्डिहाइड एक-एक भाग घालत जा, आणि चेरी 'ओळखू आली' की तिथेच हात थांबवा. कधी सहावर थांबाल, कधी आठवर. इथाइल माल्टोल सर्वात शेवटी. त्याची भूल लवकर पडते.

वास घेताना पंखा बंद ठेवा. मुंबईत हे कठीण आहे, पण पंख्याखाली वरच्या नोटा, म्हणजे आधी जाणवणारे हलके वास, पट्टीला शिवायच्या आत उडतात. सकाळी, फोडणी पडायच्या आत बसा. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. कॉफीचे दाणे हुंगण्यापेक्षा मला ते जास्त उपयोगी पडतं.

बाटली बंद करून अंधाऱ्या कपाटात आठवडाभर ठेवा. पहिल्या दिवशीचा वास आणि आठव्या दिवशीचा वास यांत लोणचं घातल्या दिवशी आणि मुरल्यावर असतो तितका फरक पडतो.

बिघडलं तर

खोकल्याचं औषध वाटत असेल तर बेंझाल्डिहाइड पाचपर्यंत उतरवा, ॲनिसाल्डिहाइड एकवर आणा. बऱ्याचदा दोषी हा दुसराच असतो, बडीशेपेचा वास औषधाची आठवण देतो. बदामाचं दूध झालं तर हेलिओट्रोपिन-व्हॅनिलिन जास्त झालंय. स्ट्रॉबेरीची गोळी झाली तर माल्टोल. मनुकांची वाइन झाली तर डॅमास्कोन. हे परत काढता येत नाही, त्यामुळे पुन्हा नव्याने बांधा आणि जुनी बाटली फेकू नका, ती हिवाळी अत्तरात कामाला येते. मुंबईत हिवाळा आला तर.

आणि सपाट वाटत असेल, म्हणजे सगळं बरोबर आहे पण काही हलत नाही, तर स्टायरालिल ॲसिटेटचा आणखी एक भाग घाला. दहातल्या सात वेळा तेवढंच हवं असतं.

अकॉर्डपासून अत्तराकडे

हा अकॉर्ड तसाच अंगाला लावायचा नाही. एक तर तो एकट्याने लहान मुलांच्या वाढदिवसासारखा वागतो, दुसरं म्हणजे बेंझाल्डिहाइड आणि डॅमास्कोन त्वचेवर इतक्या प्रमाणात नकोत. तयार अत्तरात तो पाव हिश्श्याहून जास्त घालू नका, आणि तरीही तुमच्या मालाबरोबर आलेली इफ्रा मर्यादा स्वतः जुळवून पाहा.

१० ग्रॅमची माझी नेहमीची मांडणी: अकॉर्ड २.५ ग्रॅम, हेडिओन ०.८, आयसो ई सुपर ०.८, इथिलिन ब्रासिलेट ०.५, चंदनी वासाचं एखादं रसायन, सँडलोर वगैरे, ०.३, वाळ्याचं तेल १०% ०.३, पचौली १०% ०.३, बाकी ४.५ ग्रॅम डीपीजी. हेडिओन चमेलीची हवा आत घेतो, आयसो ई सुपर देवदाराची कोरडी पोकळी देतो, ब्रासिलेट ही मऊ कस्तुरी.

खरी करामत वाळ्याची आहे. परदेशी चेरी बहुधा टोंका, बाल्सम (झाडांची गोड वासाची राळ), व्हॅनिलाच्या गाद्यांवर लोळते. थंड देशात ते शोभतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात, साडेआठच्या विरार लोकलमध्ये, तेच परफ्युम लावून महिलांच्या डब्यात शिरा आणि शेजारणीचा चेहरा बघा. वाळ्याची मातकट, माठातल्या पाण्यासारखी गारवट धार गोडव्याला खाली ओढून धरते. म्हणून मी वर व्हॅनिलिन वाढवायच्या मोहात पडत नाही. वरची मांडणी बाजारातल्या अत्तरापेक्षा हलकी आहे आणि ती मुद्दाम तशी आहे.

धुराची चेरी आवडत असेल तर वाळ्याऐवजी बर्च टारच्या, म्हणजे बर्च झाडापासून काढलेल्या धुरकट डांबराच्या, १ टक्क्याच्या द्रावणाचे अगदी दोन-तीन थेंब. इथे थेंब चालतील, कारण चवच बघायची आहे. टारही सुगंधासाठी शुद्ध केलेलं घ्या, कच्चं नको.

लावून बघताना आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लावा, चोवीस तास थांबा. लालसर झालं, खाजलं, तर विषय संपला.

ठेवताना

बेंझाल्डिहाइड हवेतल्या ऑक्सिजनने बेंझोइक आम्ल होतं. माझी पहिली बाटली अर्धी रिकामी होती आणि झाकण तिरकं बसलेलं. दोन महिन्यांनी काढली तर गळ्याभोवती पांढरे बारीक स्फटिक जमलेले, मीठ वाळल्यासारखे, आणि वासाचा दम गेलेला. आता मी लहान बाटल्या काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवते, बंद डब्यात, लोण्यापासून लांब. अकॉर्ड बिघडला असं वाटलं तर आधी ही बाटली तपासा.

व्हॅनिलिन आणि हेलिओट्रोपिन उजेडात पिवळे-तपकिरी होतात. वासाला फारसं काही होत नाही, पांढऱ्या कुडत्याला होतं. अत्तर कपड्यावर नाही, त्वचेवरच लावा.

आणखी एक, हे मोगऱ्याच्या प्रेमात असलेल्यांसाठी. मोगऱ्याच्या वासात मिथाइल अँथ्रानिलेट असतं. ते बेंझाल्डिहाइडसारख्या आल्डिहाइडना भेटलं की दोघं जोडले जाऊन तिसराच पदार्थ बनतो, रसायनशास्त्रात त्याला शिफ बेस म्हणतात. मिश्रण पिवळं पडतं, घट्टसर होतं आणि चेरीची धार बोथट होते. मोगरा-चेरी करायचीच असेल तर थोडी बनवा, तीन आठवडे मुरू द्या आणि मगच ठरवा, कारण पहिल्या दिवशी जे आवडलं होतं ते तिसऱ्या आठवड्यात बाटलीत नसतं. माझी सध्याची बाटली अठराव्या दिवसावर आहे. रंग हळदीच्या दुधाइतका झालाय, आणि आईने अजून स्वयंपाकघरातून काही विचारलेलं नाही.